पीक आमचे, डुक्कर सरकारचे

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आपण प्रत्येक बैठकीत बोलतो. आज रानातल्या मांसावर बोलायचे आहे. काहींना हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा वाटेल. पण ज्याच्या भरल्या ज्वारीत रानडुकरांचा कळप एका रात्रीत लोळून गेला, तो हसणार नाही. कणीस गेले ते गेलेच, बैलांचा कडबाही गेला.

आपल्या कोरडवाहू मुलखात एके काळी रानातले मांस घरच्या चुलीवर शिजत असे. ससा, तितर, लावा, कधी रानडुक्कर. फासेपारधी तितर-लावे धरून गावात विकत. हे मांस शिजवायचे शास्त्र आयाबायांच्या हातात होते. बोकडाच्या अंगावर चरबी असते. ससा-तितर पळणारे, उडणारे जीव. त्यांचे मांस कोरडे. मोठ्या जाळावर टाकले की चामडे होते. त्याला तेल सढळ, पाणी बेताचे आणि आच मंद लागते. जून डुकराचे मांस चिवट आणि वासाला उग्र. त्याला भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण, मिरची आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. झाकण ठेवून तासन् तास शिजवावे, तेव्हा ते भाकरीबरोबर खाण्याजोगे होते.

हे शास्त्र आता चुलीवरून उठले आहे. का उठले?

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला परवाना काढून काही जनावरांची शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने गेले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाची नासाडी करणारे डुक्कर मारण्याची परवानगी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. पण परवानगीने मारलेले डुक्करसुद्धा कलम ३९ प्रमाणे राज्य सरकारची मालमत्ता. त्याचे मांसही सरकारचेच. केरळात २०२२ साली ग्रामपंचायतींसारख्या स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना डुक्कर मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. तिथेही मारलेले डुक्कर पुरून टाकायचे.

म्हणजे हिशेब असा. डुक्कर ज्वारी खाते, भुईमूग उकरते, हरभरा तुडवते, तेव्हा त्याला पोसणारा शेतकरी. नुकसानभरपाई मागायला गेलो की अर्ज, पंचनामा आणि हेलपाटे. आणि मेल्याबरोबर त्याला मालक उभा राहतो, तो सरकार. आमच्या दाण्यावर वाढलेले मांस खड्ड्यात जाते.

हे असेच असायला हवे काय? जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी बांधलेला आहे. लहान शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र धरून तो हक्क शिकाऱ्याला भाड्याने देतात. डुकराने पीक खाल्ले तर बहुधा त्या भाडेकरूनेच नुकसान भरून द्यायचे. मांस घरी शिजते, बाजारात विकले जाते. आफ्रिकेतला नामिबिया हा आपल्यापेक्षाही कोरडा देश. तिथे १९९६ च्या कायद्याने गावसमाजांना आपल्या भागातल्या वन्य प्राण्यांवर हक्क मिळाले. मांसाचा वाटा गावात येतो. ज्या जनावरापासून घरात काही येते, ते जनावर लोक राखतात.

तिथल्या चुलीही पाहा. जर्मनीत रानातले मांस रात्रभर ताकात बुडवून ठेवायची जुनी रीत आहे. त्याने उग्र वास कमी होतो. नामिबियात तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात, निखाऱ्यावर, न ढवळता मांस शिजवतात. हरणासारख्या जनावरांच्या मांसाच्या पट्ट्यांना मीठ, व्हिनेगर आणि भरडलेले धने लावून वाळवतात. ताक, धने, निखारे सगळे आपल्याही घरात आहे. नाही तो हक्क.

मायबहिणींनो, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. रानडुकराच्या मांसात ट्रायकिनेला नावाच्या जंताच्या अळ्या असू शकतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. मीठ लावून, वाळवून किंवा धुरी देऊन त्या मरतील याची खात्री नाही. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापावे लागते. एका प्रकारच्या काविळीचे विषाणूही या मांसातून येतात. म्हणून जर्मनीत रानडुकराचे मांस तपासल्याशिवाय कोणी खायचे नाही, असा कायदाच आहे. आपल्याकडे तपासणी कोण करणार? बंदी घातली की मांस चोरून येते, अंधारात कापले जाते, घाईने अर्धवट शिजते. आणि डुकरासाठी कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेला माणसे चिकटून मरतात.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. तार सोडू नका, गावठी बॉम्ब पेरू नका. चोरून शिजवू नका. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मागायचे ते उघड मागू.

कलम ६२ खाली केंद्र सरकार दुसऱ्या अनुसूचीतले जनावर ठराविक भागात, ठराविक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर करू शकते. २०१६ साली उत्तराखंडात रानडुकराबाबत तसे केले होते. उपद्रवी जाहीर झालेल्या जनावराला कलम ३९ ची सरकारी मालकी लागत नाही.

प्रत्येक ग्रामसभेने ठराव करावा :

१. जंगलाबाहेरच्या शेतीपुरते रानडुक्कर मुदतीने उपद्रवी जाहीर करा.
२. त्याच्या मांसावर, ज्याचे पीक गेले त्या शेतकऱ्याचा हक्क माना.
३. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मांस तपासण्याची सोय करा.

जंगलातले डुक्कर वाघाचे आहे. त्यावर आमचा दावा नाही. आमच्या पिकावर पोसलेल्या डुकरावर मात्र आहे. ठरावाबरोबर प्रत्येक गावाने या हंगामातल्या नुकसानीची शेतवार यादी जोडावी आणि पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन यावी.