कसोटीविना गोलंदाज

८ मार्च २०१७ रोजी बेंगळूर येथे भारतीय क्रिकेट मंडळाचा पारितोषिक-समारंभ झाला. आदल्याच दिवशी त्या शहरात भारताने ऑस्ट्रेलियाला कसोटीत हरविले होते आणि सभागृहात नामवंतांची दाटी होती. त्या सायंकाळी कर्नल सी. के. नायडू यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दोन वृद्ध गृहस्थांना देण्यात आला. एक हरियाणाचे राजिंदर गोयल, दुसरे मुंबईचे पद्माकर शिवलकर. दोघेही डावखुरे मंदगती गोलंदाज. आणि दोघांपैकी एकाच्याही वाट्याला आयुष्यात एकही कसोटी सामना आला नाही.

कसोटी खेळलेल्यांची चरित्रे पुष्कळ आहेत. खेळालाच आपला कसब मानून जो मोसमामागून मोसम राबला, त्याची गोष्ट सांगावयास मात्र फारसे कोणी बसत नाही. शिवलकरांचा जन्म १४ सप्टेंबर १९४०चा. शिवाजी पार्क जिमखान्याच्या जाळ्यांत विनू मंकड यांची नजर ह्या तरुणावर पडली. स्वतः मंकड डावखुऱ्या फिरकीचे महान कारागीर. त्यांनी हेरावे, यातच सर्व आले. १९६१-६२ साली शिवलकर पहिल्या दर्जाच्या सामन्यांत उतरले.

त्या काळच्या ह्या पेशाची कल्पना आज करणे कठीण. रणजी सामन्याचा भत्ता इतका तुटपुंजा असे की, खेळाडूची चूल पेटे ती कचेरीतल्या नोकरीवर. पावसाळ्यात कांगा लीगच्या ओल्या, अनावृत खेळपट्ट्या, मग टाइम्स शील्ड, मग रणजी करंडक. पावसाने भिजलेल्या मातीवर चेंडू कसा थांबतो आणि ऊन पडल्यावर तो कसा उसळतो, ही विद्या मुंबईच्या गोलंदाजाने त्या मैदानांवरच कमवावी.

शिवलकरांचे कसब दिसावयास साधे होते. संथ, लयबद्ध धाव; हात वळतो, चेंडू फलंदाजाच्या नजरेच्या वर चढतो, आणि आता तो आपल्या बॅटपाशी येणार असे त्यास वाटते न वाटते तोच हातभर अलीकडे उतरतो. पुढे आलेला पाय परत नेण्यास वेळ नसतो. एका चेंडूने हे साधणे सोपे. दिवसभर, त्याच टप्प्यावर, धावा न देता साधणे हे व्रतच म्हणावे लागेल.

ह्या व्रताचे फळ १९७२-७३च्या अंतिम सामन्यात दिसले. मद्रासच्या चेपॉक मैदानावर खेळपट्टी फिरकीस इतकी अनुकूल होती की मुंबईचाच पहिला डाव १५१ धावांत आटोपला. शिवलकरांनी १६ धावांत ८ गडी बाद केले आणि तामिळनाडू ८० वर संपला. मुंबईच्या दुसऱ्या डावात ११३ झाल्या. पुन्हा शिवलकर, १८ धावांत ५ गडी, तामिळनाडू ६१. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. ३४ धावांत १३ बळी! खेळपट्टी खराब होती, असे म्हणणारे म्हणोत; त्याच खेळपट्टीवर उभय पक्षांचे नामांकित फिरकी गोलंदाज होतेच की.

मुंबईने सलग पंधराव्यांदा जिंकलेला तो करंडक. पुढल्याच वर्षी, १९७४च्या मार्चमध्ये, ही मालिका खंडित झाली ती बेंगळूरलाच. उपांत्य सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटकाने मुंबईस बाहेर काढले. त्या कर्नाटकाचेच विजयकृष्ण हे आणखी एक गुणी डावखुरे फिरकी गोलंदाज. त्यांनाही कसोटीचे दार उघडले नाही.

मग शिवलकरांची निवड का झाली नाही? उत्तर ठरलेले असते : बिशनसिंग बेदी. १९६६ साली बेदी आले आणि डावखुऱ्या फिरकीची एकुलती एक जागा त्यांनी व्यापली. ६७ कसोट्यांत २६६ बळी घेणाऱ्या त्या असामान्य गोलंदाजाविषयी कोणाची तक्रार असणार? पण मला हे उत्तर पुरते पटत नाही. १९७४च्या नोव्हेंबरमध्ये बेंगळूरला पहिलीवहिली कसोटी झाली, वेस्ट इंडीजविरुद्ध. शिस्तभंगाच्या कारणावरून बेदींना वगळण्यात आले होते. म्हणजे जागा रिकामी होती. गोयल संघाबरोबर बेंगळूरला आलेही. पण अकरांत त्यांचे नाव लागले नाही. शिवलकरांना तर बोलावणेच नव्हते. भारत २६७ धावांनी हरला आणि पुढच्या कसोटीस बेदी परतले. १९७९ साली बेदींची कारकीर्द संपली तेव्हा दिलीप दोशी आले; शिवलकर त्या वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. वेळ चुकली हे खरे, पण निवडणाऱ्यांनीही ती एकदा हातची घालविली. कर्णधार असताना शिवलकरांसाठी निवड समितीचे मन आपण वळवू शकलो नाही, ही खंत सुनील गावसकरांनी पुढे बोलून दाखविली. त्याआधी ‘आयडॉल्स’ ह्या आपल्या पुस्तकात गोयल आणि शिवलकर ह्या दोघांना त्यांनी मानाने स्थान दिले होते.

शिवलकर गातही उत्तम. आत्मचरित्रास त्यांनी नाव दिले ‘हा चेंडू दैवगतीचा’. नावात दैव असले, तरी १२४ सामन्यांत ५८९ बळी आणि प्रत्येक बळीमागे वीसाहूनही कमी धावा, हा हिशेब काही दैवाने मांडलेला नाही.

३ मार्च २०२५ रोजी ते निवर्तले. मला त्यांचा स्मरतो तो १९८७-८८चा मोसम. काही वर्षे निवृत्तीत गेल्यावर, वयाची ४७ वर्षे उलटून गेलेल्या ह्या गृहस्थास मुंबईने पुन्हा बोलाविले. सोबतीस मुलाच्या वयाचे खेळाडू. ते आले, चेंडू हाती घेतला, आणि दोन सामने खेळून गेले.