आधी टंचाई ठरवा, मग नकाशा काढा



अद्भुतकथा आणि विज्ञानकथा लिहिणारी माणसं सिंदी मेघेला जमली, याचा मला मनापासून आनंद आहे. वर्ध्याला साहित्य संमेलनांची सवय आहे. १९६९ साली पु. शि. रेगे आणि २०२३ साली न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष म्हणून इथे बोलून गेले. आपला मेळावा त्या मानाने लहान, पण विषय आपण मोठा घेतला आहे. सगळीकडे पाणी झालेलं जग, त्यात उरलेली बेटं, बेटांवरची दर्यावर्दी आणि एकमेकांशी उभा दावा मांडलेली राष्ट्रं, आणि त्यांना जोडणारी विमानं. असं जग मराठीत कसं रचायचं, यावर आज दिवसभर चर्चा होणार आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. कल्पित जग झेंड्यांवर आणि युद्धांवर उभं राहत नाही, ते टंचाईवर उभं राहतं. त्या जगात काय कमी पडतं हे आधी ठरवा. राज्यं, कायदे, वैरं आणि कथा त्यातून निघतील.

आपल्यामागे परंपरा आहे. नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने अद्भुताची गोडी लावली. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि ती जयंत नारळीकरांची निघाली. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. कथेतलं विज्ञान काटेकोर असावं, हा धडा त्यांनी आपल्याला दिला. मराठीत उणीव मला दिसते ती भूगोलाची. उर्सुला ली ग्विनने 'अर्थसी'चं द्वीपमंडळ रचलं. मियाझाकींनी १९९२ च्या 'पोर्को रोस्सो' या चित्रपटात एड्रियाटिक समुद्रावर विमानी चाच्यांची दुनिया उभी केली. आपली मुलं ती बेटं आवडीने पाहतात. आपल्या भाषेतलं, आपल्या डोंगरांच्या नावांचं असं जग त्यांना अजून भरभरून मिळालेलं नाही.

तर ते रचू या. पहिला प्रश्न: पाणी किती चढलं? पृथ्वीवरचा सगळा बर्फ वितळला तरी समुद्राची पातळी साधारण सत्तर मीटरच्या आसपास वाढेल. मुंबई जाईल, कोकणपट्टीचा मोठा भाग जाईल, सह्याद्रीच्या पायथ्याशी लाटा येतील. वर्धा मात्र समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरहून उंच आहे. म्हणजे तापमानवाढीचं कारण देऊन विदर्भ बुडवता येणार नाही. ज्याला सगळं बुडवायचं आहे त्याने दुसरं कारण शोधावं, किंवा कारण न देता ठामपणे पातळी सांगून टाकावी. दोन्ही चालतं. अर्धवट विज्ञान तेवढं चालत नाही, चौदा वर्षांचा वाचकही ते पकडतो.

समजा, पाणी हजार मीटर चढलं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे घ्या आणि हजार मीटरची समोच्च रेषा पेन्सिलने गिरवा. काय उरतं ते बघा. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, तोरणा १४०३. ही सगळी बेटं झाली. राजगड उरला, सिंहगड उरला, महाबळेश्वरचं पठार उरलं. रायगड जेमतेम आठशेवीस मीटरचा, तो गेला. पुणं, नाशिक, नागपूर गेलं. सातपुड्यात तोरणमाळ आणि चिखलदरा-गाविलगड पाण्याबाहेर राहिले. आपण बसलो आहोत तिथे डोक्यावर साडेसातशे मीटरहून जास्त पाणी. शिवछत्रपतींची पहिली राजधानी बेट म्हणून शिल्लक आहे आणि राज्याभिषेकाचा गड समुद्राच्या तळाशी आहे, एवढ्या एका गोष्टीतून किती कथा निघतील! तळाच्या त्या गडावर हक्क कोणाचा, यावर दोन राष्ट्रं पिढ्यान्‌पिढ्या भांडू शकतात.

आता टंचाई. गोडं पाणी हवं, म्हणजे ज्या गडावर कातळात खोदलेली टाकी आहेत तो गड श्रीमंत. लाकूड हवं, म्हणजे मेळघाटचा साग आणि बांबू ज्याच्या ताब्यात, त्याच्यापुढे इतरांनी नमायचं. आणि वर्धेकरांनो, कापूस हवा. सुरुवातीच्या काळातल्या विमानांचे पंख कापडाचे असत. १९३२ साली जे. आर. डी. टाटा ज्या पुस मॉथमधून कराचीहून टपाल घेऊन मुंबईला आले, त्या विमानाचे पंखही लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले होते. बांबूचा सांगाडा वापरून सांतोस द्युमोंने छोटं विमान उडवलं होतं. म्हणजे बांबू आणि कापड यांवर आपली बेटं आभाळात जाऊ शकतात. पण कापूस पिकवणारी काळी जमीन तर तळाशी गेली. डोंगरउतारावर कुठेतरी चार वाफ्यांत कपाशी जगवली आहे आणि त्या सरकीच्या पोत्यावर रात्रंदिवस पहारा आहे. माझ्या मते या जगातली सगळ्यात मौल्यवान वस्तू तीच. सोन्यासाठी लढणारी राज्यं आपण पुष्कळ वाचली. सरकीच्या पोत्यासाठी लढणारं राज्य वऱ्हाडातला किंवा वर्ध्यातला लेखकच खरं करून दाखवू शकेल, कारण कपाशीला कधी काय लागतं हे त्याच्या घरात माहीत असतं.

विमानं उतरणार कुठे? धावपट्टीला सपाट जमीन लागते आणि ती धान्यासाठी हवी. म्हणून विमानं पाण्यावर उतरतील. हे आपल्याकडे प्रत्यक्ष घडलेलं आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इम्पीरियल एअरवेजच्या फ्लाइंग बोटी कराचीहून निघत, राजसमंदच्या तलावावर, मग ग्वाल्हेरजवळच्या जलाशयावर उतरत आणि पुढे कलकत्त्याला हुगळी नदीत पोचत. मुंबईच्या जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांची टपालसेवा पुण्याहून चालत असे. दुसऱ्या महायुद्धात जगभर पक्क्या धावपट्ट्या झाल्या आणि फ्लाइंग बोटींचा काळ संपला. धावपट्टीच नसलेल्या जगात तो संपणार नाही.

वैमानिकाचं काम इथे जरा जवळून पाहू. पाणी आरशासारखं निवांत असलं की उतरणं सोपं, असं आपल्याला वाटतं. उलट आहे. निवांत पाण्यावर वैमानिकाला आपण किती उंचीवर आहोत ते कळत नाही. पाणी अजून लांब आहे असं समजून तो सरळ आदळू शकतो. म्हणून अशा वेळी पुढे एक बोट पळवून पाण्यावर लाटा उठवत. उडतानाही पाणी विमानाचा तळ धरून ठेवतं, म्हणून तळाला मधोमध एक पायरी ठेवलेली असते. वेग आला की पाणी तिथे सुटतं. रात्री उतरायचं तर पाण्यावर होड्यांची रांग लावून दिवे पेटवायचे. आता हे आपल्या जगात आणा. भोई आणि ढिवर डोंगे घेऊन रांगेत उभे आहेत, प्रत्येकाच्या डोंग्यात एक दिवा. रॉकेल कुठून आणायचं? उत्तर इथून जवळच, मगनवाडीत आहे. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात सुरू झाला आणि जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तिथे वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' तयार झाला. आपल्या डोंग्यातला दिवा तोच. पण त्याला तीळ, जवस, करडई लागणार. मग बेटावरच्या मूठभर जमिनीत तेलबिया पेरायच्या की भाकरीची ज्वारी? विमान उतरवायचं की लेकरं जेवू घालायची? ग्रामसभेत यावर हातघाई होईल. तुमच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण त्या सभेपासून सुरू करा, असं मी सुचवेन.

विमानांच्या भेटीचीही एक खरी गोष्ट जवळच घडली आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून संध्याकाळनंतर विमानं निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. कितीतरी वर्षं हे चालू होतं. चार दिशांची चार विमानं रोज रात्री एका ठिकाणी येतात. त्या चार दिशा एकमेकांच्या वैरी आहेत असं समजा. टपालापुरता तह आहे, बाकी सगळ्या गोष्टींत युद्ध. तो उतरण्याचा तलाव कोणाच्याही मालकीचा नाही. असा तलाव ज्याच्या नकाशात आहे त्याला कथानक शोधत हिंडावं लागणार नाही.

आता वैरी राष्ट्रांविषयी. इथे नवख्या लेखकाचा हात हमखास घसरतो. एक राष्ट्र चांगलं, दुसरं दुष्ट, आणि शेवटी चांगल्याचा जय. आपल्या किनाऱ्याचा इतिहास वाचला की ही सवय सुटते. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला, कारण मुंबई बंदरात ये-जा करणारं प्रत्येक जहाज त्या बेटावरून दिसणार. त्यांनी रिव्हेंज हे मोठं जहाज आणि इतर नावा पाठवून वेढा घातला. मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून रात्री थळच्या किनाऱ्यावरून रसद नेत. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं जागच्या जागी लोंबकळत आणि वल्ह्यांवरच्या होड्या त्यांच्यासमोरून निघून जात. ऑक्टोबरमधल्या लढाईत डोव्ह ही नाव मराठ्यांच्या हाती लागली, रिव्हेंजने मात्र हल्ला परतवला. अखेर इंग्रजांनी नाद सोडला. तोवर, जानेवारी १६८० मध्ये, जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. हाकेच्या अंतरावरची दोन बेटं, दोन वैरी, आणि तिसरा मुंबईत बसून दोघांकडे पाहतोय. यात सिद्दीही खलनायक नव्हे. आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी एका खडकावर राज्य उभं केलं आणि ते १९४८ पर्यंत टिकवलं. त्याच्या बाजूने लिहिलेली कादंबरी मला वाचायची आहे.

आणि आपलेच लोक आपसात कसे वागले? पोर्तुगीज दुसऱ्यांच्या जहाजांना कार्ताझ नावाचा परवाना घ्यायला लावत. कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचं दस्तक सुरू केलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. पण १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, तेव्हा इंग्रजांच्या सोबतीला पेशवे होते. ही जखम ज्याने समजून घेतली तो कल्पित राष्ट्रांचा तह लिहिताना सावध राहील.

रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' प्रत्येक जगरचनाकाराने वाचावं. त्यातलं आरमाराचं प्रकरण लढाईच्या गर्जनांनी भरलेलं नाही. पाच गुराबा आणि पंधरा गलबतांचा एक सुभा करावा, पावसाळ्यात जहाजांची छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये म्हणजे तिथल्या रयतेला उपद्रव होणार नाही, आंबा-फणसाची झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात म्हणून ती तोडू नयेत, जीर्ण झाड घ्यायचं तर धन्याला राजी करून पैसे देऊन घ्यावं. लाकूड दुर्मिळ आहे आणि माणूस त्याहून मोलाचा आहे, हे जाणणाऱ्या राज्याचे हे नियम आहेत. तुमच्या बेटाचे असे पाच नियम लिहून काढा. ते लिहिता आले नाहीत तर तुमचं बेट अजून वसलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मी फार गांभीर्याने सांगतो. जग बुडवणं हा आपल्या भागात नुसता कल्पनेचा खेळ नाही. ३० जुलै १९९१ रोजी याच वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातलं मोवाड उद्‌ध्वस्त केलं; दोनशेहून अधिक माणसं गेली. उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ आजही वर येतं, आणि ज्यांची गावं त्या पाण्यात गेली ती माणसं ते पाहायला जातात. गोसेखुर्दने वैनगंगेकाठची गावं हलवली. बुडालेल्या शेताचा सातबारा जपून ठेवणारी माणसं आपल्यातच आहेत. तुमच्या कादंबरीत पाणी चढेल तेव्हा ते या माणसांच्या उंबऱ्यावर चढलं पाहिजे. त्यांच्याकडे जा, बसा, ऐका. पाणी कोणत्या वेळी आलं, काय उचललं, काय राहून गेलं, हे ते सांगतील. तुमच्या पहिल्या पानाला त्याहून चांगली सामग्री कुठेही मिळणार नाही.

प्रकाशकांनाही माझी विनंती आहे: अशा पुस्तकात नकाशा छापा, आणि तो चांगल्या कागदावर छापा. मराठी पुस्तकात नकाशाचं पान खर्चिक म्हणून सगळ्यात आधी काढलं जातं. मुलं मात्र तेच पान सगळ्यात आधी उघडतात. शिक्षकांनी भूगोलाच्या तासाला समोच्च रेषा शिकवताना पाण्याची पातळी मुलांनाच ठरवू द्यावी.

विद्यार्थी मित्रहो, दुपारच्या सत्रात तुम्हाला जिल्ह्याचे नकाशे मिळणार आहेत. वर्ध्यापासून चिखलदऱ्यापर्यंत तुमची पातळी ठरवा, बेटं मोजा आणि प्रत्येक बेटापुढे तिथे कमी पडणारी एकच गोष्ट लिहा. संध्याकाळी मी प्रत्येकाचा कागद वाचणार आहे.