वरकसावरची नाचणी

शिवथर म्हटलं की आपल्याला घळ आठवते. समर्थांनी 'दासबोध' तिथे सांगितला अशी श्रद्धा आहे. माणसं गाड्यांनी येतात, दर्शन घेतात, धबधब्यापाशी फोटो काढतात आणि परततात. मला बोलायचं आहे ते भोवतालच्या उतारांबद्दल.

महाड-पोलादपूरच्या डोंगरात या उतारांना वरकस जमीन म्हणतात. खाली खाचरात भात. वर, जिथे नांगर चढत नाही, तिथे कुदळ. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग कारळे, आणि पुढे काही वर्षं जमिनीनं दम खावा म्हणून ती मोकळी ठेवायची. नाचणी भाकरीला, कारळ्याचं तेल फोडणीला. गरिबी होतीच, तिचं कौतुक मी करणार नाही.

रोख पैशासाठी माणसं बाहेर पडली. आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांतली कुवेत-सौदीला, डोंगरातली परळ-लालबागच्या गिरण्यांत. आमच्याकडे ड्राफ्ट यायचा, त्यांच्याकडे मनीऑर्डर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी आटल्या. १९९१ नंतर बाजार खुला झाला, गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला. इकडे वाण्याच्या दुकानात मलेशिया-इंडोनेशियाचं पामतेल आलं, तेही स्वस्त. मग कारळे कोण पेरणार? रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. पोरं महाडच्या रासायनिक कारखान्यांत कंत्राटी रोजावर गेली. कुणी हौसेनं पेरलंच, तर रानडुकरं ठेवत नाहीत.

आता गंमत पाहा. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरवलं आणि नाचणीला शहरात मान आला. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मुंबईतल्या एका मॉलमध्ये मी नाचणीच्या बिस्किटांचा पुडा घेतला. मागे पत्ता कर्नाटकातला. देशात सर्वांत जास्त नाचणी तिथंच पिकते, त्यात नवल नाही.

तो पुडा मी शिवथरच्या एका म्हाताऱ्या काकींना दिला. त्यांचे यजमान गिरणीत होते. एक बिस्कीट खाऊन त्यांनी किंमत विचारली. मी सांगितली. पुडा उलटापालटा करत म्हणाल्या, "भाऊ, बियाणं हाय माझ्याकडं. कुदळ मारायला कोण हाय?"

बी नुसतं मडक्यात ठेवून टिकत नाही, अधूनमधून पेरून नवं करावं लागतं. तेवढ्यासाठी काकी घरामागे दोन वाफे नाचणी लावतात.