दार वाजायलंय

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातलं भाषण, ध्वनिमुद्रणावरून)

व्यासपीठावरचे आपले सर, बाई, मुख्याध्यापक महोदय, आणि समोर बसलेली १९९५ ची आपली दहावीची तुकडी,



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचा विद्यार्थी’. मी हो म्हटलं आणि आता ऐनवेळी विषय बदलते आहे. वर्गात असताना निबंधाचंही मी हेच करायचे, बाईंना आठवत असेल. आज मी बोलणार आहे एका जुन्या छोट्या गाडीत स्पीकर कसे बसवले यावर. कारण आपल्या तुकडीनं शाळेला जी भेट द्यायचं ठरवलंय, तिच्याशी याचा सरळ संबंध आहे. तिथं मी शेवटी येते.

आमचं घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. अंबाजोगाईत अण्णांची लाऊडस्पीकर सर्व्हिस होती. लग्न, वरात, सप्ताह, प्रचारसभा, मार्गशीर्षात योगेश्वरीचं नवरात्र, सगळीकडे आमचे भोंगे. घरात पलंगाखाली भोंगे, माळ्यावर ॲम्प्लिफायर, आणि कथिलाचा वास. सातवीत मी पहिल्यांदा सोल्डर केलं ते माइकच्या वायरीला. अण्णांनी ते जोडकाम ओढून पाहिलं, तुटलं. म्हणाले, “दिसायला चांगलंय. पुन्हा कर.”

पुढे मी इंजिनिअरिंगला औरंगाबादला गेले, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. तिथं होस्टेलवर एका मासिकात एका गाडीचा फोटो पाहिला. सॅन स्टॉर्म. दोन दारांची, वरचं छत काढता येणारी, बुटकी स्पोर्ट्‌स कार. १९९८ साली बाजारात आली. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ताकद जेमतेम साठ अश्वशक्ती, आणि बॉडी फायबरची. ती आपल्या शेजारी गोव्यात बनते हे वाचून मला कोण अप्रूप वाटलं! भारतात बनलेली स्पोर्ट्‌स कार म्हणजे तेव्हा आम्हाला चंद्रावरची गोष्ट. फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मैत्रिणींनी शाहरुख लावला होता, मी गाडी.

त्या गाड्या फारशा विकल्या गेल्या नाहीत. पण वीस-बावीस वर्षांनी त्यातली एक मला जुन्यात मिळाली. घरच्यांनी कपाळावर हात मारला. पंधरा वर्षांवरची गाडी, आरटीओत पुन्हा नोंदणी करावी लागते, सुटे भाग मिळत नाहीत. सगळं खरं. तरी घेतली.

गाडीतला टेप मुका होता. मी ठरवलं, नवी साउंड सिस्टीम आपल्या हातानं बसवायची. दिवसभर संगणकावर जे काम करते ते हाताला लागत नाही. वीस वर्षांत मी सोल्डरिंग गन धरली नव्हती. आता या कामात मी ज्या चुका केल्या त्या क्रमानं सांगते. सर, यातल्या सगळ्या चुका आठवी ते दहावीच्या विज्ञानातल्या आहेत.

पहिली चूक, खरेदीची. ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं १२०० वॉट. मी खूष. घरी येऊन पाहिलं तर त्याला फ्यूज होता २० अँपिअरचा. आता फळा आठवा. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. गाडीची बॅटरी १२ व्होल्ट, गाडी चालू असताना फार तर १४. बारा गुणिले वीस, २४० वॉट. एवढंच त्याच्या पोटात सलग जाऊ शकतं, आणि त्यातलं बरंचसं उष्णता होऊन जातं. मग १२०० कुठून आले? छापखान्यातून! तेव्हा कुणालाही गाडीसाठी असं काही घ्यायचं असेल, तर खोक्यावरचा आकडा सोडा आणि फ्यूज बघा. आरएमएस वॉट किती ते विचारा.

आणि वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होतो असं समजू नका. दुप्पट वॉटनं आवाज कानाला जेमतेम कळेल इतकाच वाढतो. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणून वॉटमागे धावण्यात पैसे जातात, गाणं येत नाही.

दुसरी चूक, अर्थिंगची. साध्या गाडीत पत्र्याची बॉडी हीच बॅटरीची उणे बाजू असते. ॲम्प्लिफायरची काळी वायर जवळच्या कुठल्याही बोल्टला, रंग खरवडून, आवळली की काम झालं. मी डिकीत एक छानसा स्क्रू शोधला, वायर आवळली, बटण दाबलं. काहीच नाही. अर्धा तास मल्टिमीटर घेऊन बसले. मग डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, ही गाडी फायबरची आहे! फायबरमधून वीज जाईलच कशी? विद्युतवाहक आणि विद्युतरोधक, किती मार्कांचा प्रश्न होता हो सर? अशा गाडीत काळी वायरसुद्धा लाल वायरीइतकीच जाड घेऊन थेट खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत किंवा बॅटरीपर्यंत न्यावी लागते.

तिसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत मी जाड लाल केबल ओढली. फ्यूज लावला, पण कुठे? ॲम्प्लिफायरच्या शेजारी, डिकीत, कारण तिथं हात पुरत होता. माझा समज असा की फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवतो. इंजिनच्या कप्प्यात ती केबल एका लोखंडी ब्रॅकेटवरून गेली होती. तिथं रबराचा बुश बसवायचा मी आळस केला. आठ-दहा दिवस गाडीच्या थरथरीनं केबलचं आवरण घासत गेलं. एका रविवारी बॉनेट उघडं ठेवून इंजिन चालू केलं, आणि त्या ब्रॅकेटपाशी चटकन ठिणगी पडली. दोन सेकंदांत धूर. केबलचं प्लॅस्टिक मेणासारखं ओघळायला लागलं. फ्यूज? तो मागे डिकीत शाबूत बसला होता, कारण वीज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. ती वाटेतच सांगाड्यात उतरून बॅटरीकडे परत जात होती.

नशीब एवढंच की बॅटरीचा क्लॅम्प मी नीट आवळलेला नव्हता. म्हणजे आणखी एका चुकीनं वाचले. ओढून काढला. हाताला फोड आले. फायबरची बॉडी पेटली असती तर ती विझवायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि गॅरेजच्या वरच खोलीत माझा मुलगा अभ्यास करत होता.

त्या रात्री झोप लागली नाही. फ्यूज असतो वायरीसाठी. तो बॅटरीच्या जवळ, फार तर हात-दीड हात अंतरात लावायचा, म्हणजे पुढे वायर कुठेही घासली तरी आधी तो जळतो. ही साधी गोष्ट अण्णा लहानपणी रोज करत होते. मंडपात जनरेटरची वायर ओढली की पहिला फ्यूज जनरेटरपाशी. मी शंभरदा पाहिलं होतं, आणि शिकले नव्हते. इंजिनिअरिंगची पदवी भिंतीवर होती.

सगळं उपसून पुन्हा केलं. नवी केबल, बॅटरीपाशी फ्यूज, प्रत्येक भोकाला रबर. मग एक नवी कटकट. इंजिनचा वेग वाढवला की स्पीकरमधून ‘कुंईं’ असा चढत जाणारा आवाज. तो अल्टरनेटरचा. टेपची काळी वायर एका जागी आणि ॲम्प्लिफायरची दुसऱ्या जागी जोडली, की दोन्ही ठिकाणच्या व्होल्टेजमध्ये बारीक फरक राहतो आणि तो गाण्यात मिसळतो. दोन्ही एकाच जागी आणल्या, गाण्याची वायर विजेच्या केबलपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूनं नेली. कुंईं बंद.

तरी समाधान होईना. भीमसेनजींचे अभंग लावले की मृदंगाच्या जागी कुणी पत्र्याचा डबा बडवल्यासारखं. मी आणखी मोठे स्पीकर घ्यायच्या विचारात होते, तेवढ्यात अण्णा पुण्याला आले. ते आले होते कान तपासायला.

अण्णांना ऐकू येत नाही हे घरात कुणी मान्यच करत नव्हतं. आई म्हणायची, “ऐकू येतंय सगळं, मुद्दाम करतात.” तपासणीत आलेख काढला. खालच्या, जाड आवाजांना आलेख बरा होता. ४००० हर्ट्‌झच्या आसपास मात्र खड्ड्यात उतरल्यासारखा. डॉक्टरांनी समजावलं, वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्यांचा आलेख असाच दिसतो. यांना तुमचा आवाज येतो, पण स, श, फ, त ही अक्षरं नीट येत नाहीत. साठ, आठ, पाठ, काठ, सगळं एकच. गेलेलं परत येत नाही, यंत्र लावून उरलेलं वापरता येतं.

माणूस मुद्दाम करत नव्हता. आम्ही बोललेलं त्याच्यापर्यंत अर्धंच पोचत होतं, आणि वर आम्ही चिडत होतो.

घरी आल्यावर म्हणाले, “काय करायलीस गाडीत? दाखव.” मी अभंग लावला. ते शेजारी बसले. ऐकण्याऐवजी त्यांनी दारावर पंजा ठेवला, मग डॅशबोर्डवर, पुन्हा दारावर. आणि म्हणाले, “स्पीकर कुठं वाजायलाय? दार वाजायलंय.”

तेच होतं! फायबरचं पातळ दार स्पीकरबरोबर थरथरत होतं. शिवाय स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा मागची हवा उलट खेचली जाते. दाराच्या आतल्या भोकांतून ती मागची लाट पुढे आली की पुढच्या लाटेला खाऊन टाकते, आणि सगळ्यात आधी जातो तो जाड आवाज. आम्ही दोघांनी मिळून दाराचं पॅनल उघडलं, आत ब्युटाइलच्या जड चिकट शीट लावल्या, भोकं बंद केली, स्पीकरच्या कडेनं फोमची पट्टी लावली. अण्णा प्रत्येक स्क्रू हातानं हलवून बघत होते. माझं सोल्डरिंगही ओढून पाहिलं. या वेळी तुटलं नाही.

तेच स्पीकर, तोच ॲम्प्लिफायर, पण मृदंग मृदंगासारखा वाजायला लागला. अण्णांनी पुन्हा पंजा ठेवला आणि मान डोलावली. मग आवाजाचं बटण स्वतः खाली केलं. “एवढा बास,” म्हणाले.

मी तो तिथंच ठेवते. छत काढून हायवेवर निघालं की वाऱ्याच्या आवाजावर मात करायला बटण आपोआप वर जातं. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. शंभर डेसिबल म्हणजे जेमतेम पंधरा मिनिटं. आपल्याकडे उसाच्या ट्रॅक्टरवर कारखान्यापर्यंत रात्रभर टेप चालू असतो. बसणारा पोरगा अठरा-वीस वर्षांचा असतो. त्याला झोप लागू नये म्हणून लावतो तो, मला कळतं. पण त्याचा आलेख मला आता दिसतो.

आता शाळेच्या भेटीचं.

आपण सगळ्यांनी मिळून पैसे जमवलेत आणि त्यातून शाळेला मोठा साउंड सिस्टीम संच द्यायचा असं ग्रुपवर ठरलंय. दोन मोठे टॉप, दोन बेस. कोटेशनवर हजारोंनी वॉट लिहिलेले आहेत. मी सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुद्दाम शेवटच्या रांगेत, पाचवीच्या पोरांमागे उभी राहिले. आवाज भरपूर येत होता. शब्द एकही कळत नव्हता. पुढची पोरं कानावर हात ठेवत होती आणि मागची गप्पा मारत होती. आपणही मारायचो. बाई, तेव्हा आम्ही वात्रट होतोच, पण ऐकूही येत नव्हतं हो!

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. पुढे एकच मोठा भोंगा ठेवून मागच्याला ऐकवायचं म्हटलं, तर पुढच्याचे कान जाणारच. आणि सभागृहात पत्र्याच्या छताखाली तोच आवाज घुमून अक्षरं एकमेकांवर चढतात. त्यापेक्षा चार-सहा छोटे उभे स्पीकर मैदानाच्या दोन्ही बाजूंनी, मुलांच्या जवळ, कमी आवाजात. दोन चांगले माइक. एक मध्यम ॲम्प्लिफायर. नवी वायरिंग, नीट अर्थिंग. आणि फ्यूज जिथं हवा तिथं. माझ्या हिशोबानं जमवलेल्या पैशांत हे बसतं आणि काही उरतंही. उरलेल्याचं काय करायचं ते सर आणि बाईंनी ठरवावं.

हे काम बाहेर द्यायची गरज नाही. उद्या सकाळी आठला मी शिडी आणि मल्टिमीटर घेऊन मैदानावर येते. आपल्यातले जे इलेक्ट्रिकल दुकान चालवतात त्यांनी पक्कड आणावी. दहावीची चार मुलं-मुली मदतीला द्या, सर, आणि त्यांना हातानं सोल्डर करू द्या. अण्णा पण येणार आहेत, यंत्र लावून. ते शेवटच्या रांगेत उभे राहतील. त्यांना शब्द कळले, तर पाचवीच्या पोरांनाही कळतील.