रेंज गेली तरी हिशेब चुकू नये

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

पावसाळ्यात डोंगराआड रेंज कशी जाते, ते तुम्हाला सांगायला नको. मागच्या आषाढात ऐन भातलावणीत आमची बैठक झाली. गटाच्या नोंदी दोन फोनवर होतात, एक सचिवताईंचा आणि दुसरा हिशेब लिहिणाऱ्या ताईंचा. त्या दिवशी रेंज नव्हती. दोघींनी आपापल्या फोनवर नोंदी केल्या आणि चार दिवसांनी, रेंज आल्यावर, त्या वर गेल्या. बघतो तर एका ताईचा हप्ता दोनदा चढलेला, आणि तिच्या जावेचा चढलाच नव्हता! आडनाव एकच, घर एकच. दोघींनाही वाटलं, दुसरीने लिहिलं असेल.

चूक आमचीच होती, पण भोगली त्या जावेने. फोनमध्ये ती थकबाकीदार दिसली आणि लेकीच्या फीसाठी मागितलेलं कर्ज अडलं. वहीत तिची सही होती म्हणून हिशेब दुरुस्त झाला. तरी तीन आठवडे गेले.

तेव्हा आम्ही नीट समजून घेतलं, की फोनमधली नोंद जाते कुठे? तिला ‘क्लाउड’ म्हणतात, म्हणून आम्हाला वाटायचं आभाळात कुठेतरी. तसं नाही. क्लाउड म्हणजे कुणाच्या तरी इमारतीत रात्रंदिवस चालणारे मोठे संगणक. मायक्रोसॉफ्टचं असं एक केंद्र २०१५ पासून आपल्या पुण्यातच आहे. आणि आपल्या हातातला फोन, डेअरीतलं फॅट मोजायचं यंत्र, म्हणजे कामाच्या जागेवरचे छोटे संगणक. त्यांना ‘एज’ म्हणतात. एज म्हणजे कड, बांध म्हणा हवं तर.

आता कुठलं काम बांधावर करायचं आणि कुठलं वर पाठवायचं? दुधाचं फॅट डेअरीतच मोजलेलं बरं. रेंजची वाट बघत बसलो तर दूध नासेल. पण गडावर आलेली पोरं पिठलं-भाकरी खाऊन क्यूआर कोडवर पैसे देतात, तेव्हा उलटं. पैसे खरंच आले का, ते बँकेनेच सांगायला हवं. त्यांच्या फोनवरची हिरवी खूण पुरेशी नाही. आपल्या खात्याचा मेसेज बघूनच हो म्हणायचं.

मोठ्या यंत्रांचा कारभारही आता असाच चालतो. गूगलने २०१४ मध्ये ‘कुबरनेटीस’ नावाची प्रणाली सगळ्यांसाठी खुली केली. तिच्यात काय चालू हवं, एवढंच वरून सांगतात. ते चालू ठेवायचं काम खालचं यंत्र स्वतः बघतं. पुढे बांधावरच्या यंत्रांसाठीही तशा प्रणाली निघाल्या. रेंज तुटली तरी यंत्र हातातलं काम चालू ठेवतं आणि रेंज आली की वरच्याशी मेळ घालतं. आपलं काय वेगळं आहे? कर्जाची आधी गरज कुणाला, ते गटच ठरवतो. ग्रामसंघाला विचारायला कुणी धावत नाही. पण हिशेब मात्र ग्रामसंघाशी जुळावा लागतो.

म्हणून आम्ही चार नियम केले.

एक, एका बैठकीची नोंद एकाच फोनवर. दुसरीने शेजारी बसून नावं मोठ्याने वाचायची.

दोन, आधी वही, सही आणि पावती नंबर. तोच नंबर फोनमध्ये टाकायचा. एक नंबर दोनदा दिसला किंवा मधलाच गळला, तर लगेच कळतं.

तीन, नोंदी वर गेल्या की पुढच्या बैठकीत यादी वाचून दाखवायची. जिचं नाव, तिने ‘बरोबर’ म्हणायचं. वाचता न येणाऱ्या आजीही आपला हिशेब कानाने तपासतात.

चार, अ‍ॅप नवं करायचं तर आधी सगळ्या नोंदी वर पाठवायच्या. मग एकच फोन नवा करायचा आणि तो आठवडाभर नीट चालला की दुसरा. दोन्ही फोन एकाच दिवशी बिघडले, तर बैठक कशावर घेणार?

त्या जावेला कर्ज मिळालं, लेकीची फी भरली. पण त्या तीन आठवड्यांत तिला शेजारणीकडे हात पसरावा लागला, ते आम्हाला अजून लागतं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वही आणि फोन शेजारी ठेवा, आणि प्रत्येकीचं नाव एकदा ताडून बघा.