मिनार आणि डाळिंबाचे झाड



बिदरला महमूद गवानच्या मदरशापुढे उभे राहिले म्हणजे दृष्टी प्रथम खिळते ती तेथे उरलेल्या एकमेव मिनारावर. निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या झिलईदार फरश्या नागमोडी ओळींत बसविलेल्या, आणि जेथे त्या गळून पडल्या तेथे उघडी पडलेली चुनेगच्ची. इराणच्या गीलान प्रांतातून व्यापारासाठी आलेल्या आणि पुढे बहमनी राज्याच्या वजिरीस पोहोचलेल्या ज्या पुरुषाने १४७२ च्या सुमारास ही तीन मजली वास्तू उठविली, तिला ग्रंथालयाची जोड दिली, तो १४८१ साली एका बनावट पत्रापायी सुलतानाच्या हुकमाने प्राणास मुकला. त्याच्या वास्तूचाही बराच भाग १६९६ त दारूच्या स्फोटाने उडाला.

त्या काळचा मदरसा म्हणजे दरबाराचा उंबरठा होता. तेथून काजी निघत तसेच मुनशीही निघत. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने जो पाठ्यक्रम रूढ झाला, त्यात धर्मशास्त्राबरोबर तर्क, व्याकरण आणि गणित यांना मानाचे स्थान होते. राममोहन रायांसारखा ब्राह्मणपुत्र फार्सी-अरबी शिकला. आपल्या मराठी दप्तरातील अर्ज, जमाबंदी, फडणीस हे शब्द याच विद्येच्या वाटेने आले.

१८३७ साली कंपनी सरकारने फार्सीला कचेऱ्यांतून रजा दिली आणि ही वाट बुजली. मदरसा ऐहिक विद्येपासून दुरावला असा ठपका आपण सहज ठेवतो. परंतु ज्या विद्येला सरकारदरबारी भाकर उरली नाही, ती धर्माच्या आश्रयाला गेली, यात मला तरी मदरशातील विद्यार्थ्याचा अपराध दिसत नाही.

सत्तावनच्या प्रलयानंतर, १८६६ मध्ये, देवबंदच्या छत्ता मशिदीत डाळिंबाच्या झाडाखाली एक गुरू आणि एक शिष्य बसले, आणि देवबंदचा मदरसा सुरू झाला. दोघांचेही नाव महमूद. त्याच्या संस्थापकांपैकी एक, मौलाना कासिम नानौतवी यांनी संस्थेला घालून दिलेला नियम असा, की जहागिरीची वा सरकारी उत्पन्नाची आस धरू नये, सामान्यांच्या वर्गणीवर चालावे. वजिराच्या खजिन्यावर उभा राहिलेला मदरसा आता गरिबाच्या आण्या-पैशांवर जगू लागला, आणि त्यामुळेच तो गरिबाचा झाला. डाळिंबाखालचा तो शिष्य, महमूद हसन, पुढे इंग्रजांविरुद्ध कट केल्याबद्दल माल्टाच्या बंदिवासात गेला.

आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्कलकुव्याला, मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी उभारलेल्या जामियात रेहालीवर कुराण उघडून, मागेपुढे डोलत पाठांतर करणारी मुले आहेत, आणि त्याच संस्थेची औषधनिर्माण, अभियांत्रिकी व युनानी वैद्यकाची महाविद्यालयेही आहेत. २०११ साली हेच वस्तानवी देवबंदचे मोहतमीम, म्हणजे प्रमुख, झाले आणि काही महिन्यांतच त्यांना ते पद सोडावे लागले. अक्कलकुव्यातील वर्ग मात्र चालूच राहिले.