लायसन्स माझं, मुदत नवऱ्याची

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून पोटगी, घरातला हिस्सा, रेशनकार्डावरचं नाव अशा विषयांवर आपण बोलतो आहोत. त्यानंतर मी परदेशात गाडीचं लायसन्स बदलून घेण्याबद्दल बोलायला उभी राहिले, तर कुणालाही वाटेल, हे काय चोचले! मला बोलावायला आलेल्या ताईंना मीही तेच म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या केंद्रात हल्ली अधूनमधून एखादी आई येते. मुलगी अमेरिकेत दिलेली असते. फोनवर रडते, घराबाहेर पडता येत नाही म्हणते. आम्हाला कळतच नाही, पडता येत नाही म्हणजे काय? तो कुलूप लावून जातो का?"

कुलूप लावावं लागत नाही. ते कसं, एवढंच मला सांगायचं आहे.

मी २००९ मध्ये कॅलिफोर्नियात गेले. नवरा एच-१बी व्हिसावर, म्हणजे कामाच्या. मी एच-४ वर, म्हणजे त्याची बायको म्हणून. एच-४ वर तेव्हा नोकरी करायला अजिबात परवानगी नव्हती. मे २०१५ पासून काहीजणींना ती मिळू लागली. नवऱ्याचा ग्रीनकार्डाचा अर्ज एका ठरावीक टप्प्याला पोचला असेल तरच. तोवर घरात बसायचं.

पुण्यात मी कॉलेजपासून लूना चालवलेली, मग कायनेटिक, नोकरी लागल्यावर सेकंडहँड मारुती. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी सातला गाडी काढणारी मी. तिकडे गेल्यावर कळलं की आमच्या घरापासून दूध साडेतीन किलोमीटरवर, भाजी त्याच्या पुढे. बस तासाला एक, रविवारी नाही. कित्येक रस्त्यांना फुटपाथच नाही, कारण तिथे कुणी पायी जावं अशी अपेक्षाच नसते. अशा ठिकाणी गाडी न येणारी बाई आणि घरात कोंडलेली बाई यांत फार फरक उरत नाही.

मी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता. वर्षभर चालेल अशी सगळ्यांप्रमाणे माझीही समजूत. तो खरं म्हणजे आपल्या लायसन्सचं भाषांतर असतं, वेगळं लायसन्स नव्हे. आणि पाहुणी म्हणून आलेल्या बाईला लागू असलेला नियम राहायला आलेल्या बाईला लागू नसतो. कॅलिफोर्नियात राहायला आलात की दहा दिवसांत तिथलं लायसन्स काढायचं असा कायदा आहे. अमेरिकेत लायसन्स प्रत्येक राज्य आपापलं देतं, त्यामुळे शेजारच्या राज्यातल्या मैत्रिणीने दिलेला सल्लाही उपयोगी पडेलच असं नाही. काही राज्यांचे जर्मनी, फ्रान्स, दक्षिण कोरिया अशा देशांशी करार आहेत, तिथल्या माणसाला लायसन्स जवळपास बदलूनच मिळतं. माझं कॅलिफोर्नियात कुणी बदलून देणार नव्हतं. लेखी परीक्षा, शिकाऊ परवाना आणि मग रस्त्यावरची परीक्षा, सगळं पहिल्यापासून.

याचा मला राग आला होता, पण तो फार काळ टिकला नाही. आपल्याकडे लायसन्स कसं निघतं हे इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. माझ्या वेळी मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनीच सगळं उरकलं होतं. मी एकदा आठ घातला आणि सही केली. तिकडे पाटीजवळ चाकं पूर्ण थांबली नाहीत म्हणून मला पहिल्यांदा नापास केलं. रस्ता रिकामा, चिटपाखरू नाही, तरी थांबायचं! लेन बदलताना आरशात पाहून भागत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे पाहायचं. शाळेची बस लाल दिवे लावून उभी असली की मागच्यांनी थांबायचंच, आणि मध्ये दुभाजक नसेल, लेनही एकेकच असेल, तर समोरून येणाऱ्यांनीही. हे शिकले याचं मला वाईट वाटत नाही.

परीक्षेबद्दल माझी तक्रार नाही. परीक्षेपर्यंत पोचण्याच्या वाटेवर काय काय होतं, ते बघा.

शिकाऊ परवान्यावर गाडी चालवायची तर शेजारी लायसन्स असलेलं मोठं माणूस बसलेलं हवं. नव्या गावात तुमच्या ओळखीचं असं माणूस एकच, नवरा. परीक्षेला गाडी आपली न्यायची, तिचा विमा हवा, आणि तिथवरही लायसन्सवाला माणूस सोबत हवा. परीक्षा कामाच्या दिवशी, म्हणजे त्याने रजा काढायची. माझा नवरा तसा बरा माणूस. पण त्याने तीन वेळा तारीख पुढे ढकलली आणि तिन्ही वेळा मीच त्याची समजूत काढली, की राहू दे रे, तुझं काम महत्त्वाचं. पुण्यात कधी मी विचारून गाडी काढली नव्हती. तिथे चार महिन्यांत मला विचारायची सवय लागली.

मग कागद. आपल्या मराठी बायकांच्या नावांची गंमत त्या काउंटरवर उघडी पडते. लायसन्स माहेरच्या नावावर, मधे वडिलांचं नाव. पासपोर्ट लग्नानंतरचा, मधे नवऱ्याचं नाव, आणि तेही कधी दिलेल्या नावाच्या रकान्यात जोडून आलेलं. माझ्या ओळखीच्या एकीचं तर लग्नात तांदळाच्या ताटात पहिलं नावही बदललेलं. काउंटरवरच्या बाईने दोन्ही कागद समोर ठेवून तिला सरळ विचारलं, "या दोघी कोण?" अगदी साधेपणाने विचारलं हो. त्याहून वाईट म्हणजे पासपोर्टात सगळं नाव एकाच रकान्यात आलं असेल, तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' ही तीन अक्षरं येतात. अर्थ, पहिलं नाव माहीत नाही. मग बँकेत, लायसन्सवर, दवाखान्यात तेच तिचं नाव होऊन बसतं.

नोकरीची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. मिळत नाही असं सांगणारं पत्र काही ठिकाणी मागतात, ते आधी दुसऱ्या कार्यालयातून आणायचं. पुढे राहत्या पत्त्याचे पुरावेही मागू लागले. भाडेकरार त्याच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या नावावर. मी या घरात राहते हे सिद्ध करायला लग्नाचा दाखला लागतो. लग्नाची नोंदणी करा म्हणून आपण गावोगाव सांगत फिरतो, त्याला हेही एक कारण जोडून घ्या.

हे सगळं करून लायसन्स हातात येतं. फोटो माझा, सही माझी. मुदत मात्र माझ्या व्हिसापुरती, आणि माझा व्हिसा त्याच्या नोकरीवर उभा. २००५ च्या रिअल आयडी कायद्याचं तत्त्वही हेच आहे: त्या कायद्याप्रमाणे दिलेलं लायसन्स राहण्याची परवानगी असेल तोवरच. त्याची नोकरी गेली, किंवा त्याने माझ्या मुदतवाढीचा अर्ज वेळेत भरला नाही, की माझं गाडी चालवणं संपलं. मार्च २०१९ पासून या अर्जांना बोटांचे ठसे सक्तीचे केले आणि बायकांचे अर्ज महिनोन् महिने पडून राहिले. नवऱ्यांचे जादा फी भरली की पंधरा दिवसांत होत होते. कितीतरी जणींची नोकरीची परवानगी गेली आणि लायसन्सही. बायका कोर्टात गेल्या. मे २०२१ मध्ये ठशांची सक्ती थांबली. जानेवारी २०२३ मध्ये तडजोड होऊन नवऱ्याचा आणि बायकोचा अर्ज एकत्र तपासायचं सरकारने कबूल केलं, तेही दोन वर्षांपुरतं. हे नुसतं आपोआप झालं नाही, घरात बसलेल्या बायकांनी भांडून मिळवलं, म्हणून मुद्दाम सांगते.

इथे मला सौदी अरेबियाची आठवण होते. तिथे तर बायकांना गाडी चालवायचीच बंदी होती, आणि परदेशातलं लायसन्स पर्समध्ये असूनही. ६ नोव्हेंबर १९९० ला रियाधमध्ये ४७ बायकांनी गाड्या रस्त्यावर आणल्या. त्यांतल्या अनेकींकडे बाहेरच्या देशांत शिकताना काढलेली लायसन्स होती. त्यांचे पासपोर्ट जप्त झाले, नोकऱ्या थांबवल्या. २०१४ च्या शेवटी लुजैन अल-हथलूल ही तरुणी अमिरातीचं लायसन्स घेऊन स्वतः गाडी चालवत सीमेवर आली, तर ७३ दिवस कोठडीत. बंदी २४ जून २०१८ ला उठली. त्याआधी ४ जूनला दहा बायकांना त्यांची परदेशी लायसन्स छोटी चाचणी घेऊन बदलून दिली आणि त्यांचे फोटो जगभर गेले. त्या फोटोंत लुजैन नव्हती. मे महिन्यातच तिला आणि तिच्या मैत्रिणींना पकडलं होतं. ती सुटली फेब्रुवारी २०२१ मध्ये. लायसन्स दिलं, पण ते मागितल्यामुळे मिळालं असं कुणाला वाटू नये याची काळजी घेतली!

अमेरिकेत कायद्याची बंदी नाही. तिथे ते घरातल्या घरात होतं. मी एका मदतकेंद्रात स्वयंसेविका होते. दक्षिण आशियाई बायकांसाठी अशी केंद्रं तिथे बरीच आहेत. न्यू जर्सीची 'मानवी' १९८५ पासून, न्यूयॉर्कची 'सखी' १९८९ पासून. आमच्याकडे सांगलीकडची एक मुलगी आली. एमएस्सी झालेली. तीन वर्षं झाली तरी लायसन्स नाही. "तुला कुठे जायचंय?" हे नवऱ्याचं उत्तर. शिकवायला बसला की ओरडायचा, एकदा स्टिअरिंगवरच्या हातावर मारलं. मग तिनेच म्हटलं, नको मला. त्याने सगळ्यांना सांगितलं, ही घाबरते. पासपोर्ट त्याच्या कपाटात. दवाखान्यात न्यायचं तर तो नेणार, डॉक्टरसमोर तोच बसणार.

आम्ही आधी काय केलं असेल, तर तिच्या शेजारी बसायला एक बाई शोधली. पन्नाशीच्या गुजराती बेन. आठवड्यातून दोन दिवस, तो कामावर गेला की त्यांच्याच गाडीत. पासपोर्ट हरवल्याचं सांगून नवा काढावा का यावर आमच्यात बराच वाद झाला. खोटी तक्रार नको असं वकीलबाई म्हणाल्या. शेवटी त्या मुलीने एका रात्री कपाटातून तो घेतला, अर्ज भरला आणि परत ठेवला. दुसऱ्या खेपेला पास झाली. लायसन्स आलं ते बेनच्या घरी, पत्रासाठी तोच पत्ता दिला होता.

ती लगेच नवऱ्याला सोडून गेली नाही. तुम्हाला वाटत असेल तसं झालं नाही. पण लायसन्स म्हणजे तिकडे ओळखपत्रही असतं. बँकेत खातं उघडायला ते चालतं, विमानात बसायलाही, मे २०२५ पासून मात्र ते रिअल आयडीचं असेल तरच; पासपोर्टसाठी कपाटाकडे जावं लागत नाही. तिने खातं उघडलं. छळ सोसणाऱ्या एच-४ बायकांना नवऱ्याच्या सहीविना कामाची परवानगी मागता येते, हे तिला आमच्याकडे कळलं. वर्षभराने तिने तो अर्ज केला.

आता तुमच्यासाठी दोन-तीन कामं. परदेशी निघालेली मुलगी किंवा तिची आई भेटली, तर दागिन्यांच्या आधी कागद विचारा. पासपोर्ट, लायसन्स, पदवी आणि लग्नाचा दाखला यांवर नाव एकसारखं आहे का? नाव बदलायचंच कशाला, हेही विचारा. मूळ लायसन्स बरोबर आणि सगळ्याची एक प्रत आईकडे. लायसन्स असेल तर गाडी खरंच येते का? नसेल तर निघायच्या आधी महिनाभर रोज चालवू दे, कुणी ओरडणारं शेजारी न बसवता. आणि जाईल तिथल्या केंद्राचा नंबर तिला पाठ करायला सांगा, मोबाईलमध्ये नको, मोबाईल तो बघतो.

ताई घड्याळ दाखवताहेत. मागच्या बाजूला कुणीतरी मघापासून हात वर केला आहे, तुमच्यापासून सुरुवात करू.